कवडशातली हळद

पुणे, रविवार

तीर्थरूप आई-बाबांना
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर आई म्हणाली, "काविळीच्या विषाणूत हात घालतेस, काही झालं म्हणजे?" आई, माझ्या कुपीत विषाणू नसतोच. हेपटायटिस बीच्या आतल्या कवचाचं प्रथिन तेवढं असतं, तेही जिवाणूंकडून बनवून घेतलेलं. विषाणूचा डीएनए त्यात नाही, त्यामुळे लागण होत नाही. तू निर्धास्त राहा.

बाबा, सांगलीच्या मार्केट यार्डात तुम्ही मला पोत्यांवर बसवायचात. पत्र्याच्या भोकातून कवडसा पडायचा आणि त्यात हळदीची धूळ तरंगताना दिसायची. शेजारच्या अंधारातही तेवढीच धूळ होती, पण दिसायची नाही. माझं काम त्या कवडशाचंच. बोटाएवढ्या चौकोनी कुपीत प्रथिनाचं द्रावण घ्यायचं, त्यातून ३२० नॅनोमीटरचे अतिनील किरण सोडायचे आणि काटकोनात किती प्रकाश विखुरतो ते मोजायचं. धुळीचा एक कण राहिला तरी मापन वाया जातं, म्हणून आधी सगळं बारीक गाळून घेते.

हे प्रथिन जोडीजोडीने असतं. १२० जोड्या जुळल्या की सुमारे ३६ नॅनोमीटरचं गोल कवच होतं. प्रथिन तेवढंच, पण सुट्या जोड्यांपेक्षा जवळजवळ १२० पट प्रकाश विखुरतो. कवच प्रकाशलहरीहून इतकं लहान की त्यातल्या सगळ्या जोड्या एकाच तालात प्रकाश फेकतात, दिंडीतले टाळ एकदम पडावेत तशा.

जुळणी सुरू करायला लागतं साधं मीठ. ते घातलं तरी विखुरलेल्या प्रकाशाच्या आलेखाची रेघ आधी सपाटच राहते. जोड्या चिकटतात, सुटतात. तीन जोड्यांची तिकडी एकदा टिकली की बाकीच्या भराभर बसतात आणि रेघ वर चढते. मीठ जास्त झालं तर तिकड्याच फार होतात, सुट्या जोड्या संपतात, कवचं अर्धवट राहतात.

मी त्या अर्धवट कवचांच्याच मागे आहे. जुळणी अशी बिघडवणारी औषधं शोधली जात आहेत, आणि औषधाने काय केलं ते या रेघेत दिसतं. ती बघताना अण्णाकाका आठवतात. त्यांचं ताट-पेला आपण वेगळा ठेवायचो. ताटा-पेल्यातून हा आजार पसरत नाही, तो रक्तातून जातो, हे मला इथे येऊन कळलं. फार लागलं मनाला.

बाबा, हे पत्र काकूला वाचून दाखवा. पेल्याचं मात्र मीच येऊन सांगेन.

तुमची,
ताई