शेवाळ नव्हे, दगडफूल!

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘अलास्कात शेवाळाच्या २७ नव्या प्रजाती’ हा कालचा मथळा वाचला. सोबतचं छायाचित्र तर आमच्या आडाच्या पायरीवर पाय घसरतो त्या हिरव्यागार शेवाळाचं! (शास्त्रात प्रजाती म्हणजे जातींचा गट. अलास्कातल्या ग्लेशियर बे राष्ट्रीय उद्यानात नव्या प्रजाती दोनच मिळाल्या, २७ त्या जाती. पण ते आज सोडून देते.)

तिथे सापडले ते लायकेन, आणि लायकेन म्हणजे नुसतं शेवाळ नव्हे. बुरशीने शैवालाला, म्हणजे सूक्ष्म शेवाळाला, घरात ठेवून घेतलेलं असतं. रांधायचं शैवालाने आणि दारावरची पाटी बुरशीच्या नावाची, असा तो संसार. मराठीत त्याला शैवाक म्हणतात. जड वाटत असेल तर दगडफूल म्हणा, तुमच्या वार्ताहरांच्या घरी मसाल्याच्या डब्यात सापडेल.

शिवाय म्हणे, संशोधकांना या जाती ‘भटकंतीत आढळल्या’. भटकंतीत! जवळजवळ ५,००० नमुने जमवले, सोबतच्या बुरश्या धरून ९४७ जाती निघाल्या, ९८ कुठल्याच नावात बसेनात, तेव्हा कुठे २७ जणींचं बारसं झालं. बाकीच्या ताटकळत राहिल्या.

या कामाची मला थोडी कल्पना आहे. १९८१ साली एम.एस्सी.साठी महाबळेश्वरला आठवडाभर झाडं धुंडाळत होते. नखाएवढा तुकडा घ्यायचा, वरची करडी साल ब्लेडने खरवडायची आणि आतल्या पांढऱ्या गाभ्यावर ब्लीचचा थेंब सोडायचा. एखादा क्षणात कुंकवासारखा लाल होतो. शेजारचा, दिसायला हुबेहूब तसाच, ढिम्म! तिथे संशय सुरू होतो, ही जात वेगळी तर नव्हे? अशी बेचाळीस पाकिटं झाली, प्रत्येकावर झाड, जागा, तारीख. उन्हाळ्याच्या सुट्टीत विभागाची रंगरंगोटी निघाली आणि ‘सालपटं’ म्हणून सगळी केरात गेली. शिपायाला बोल लावत नाही, त्याला सांगणारे प्राध्यापक होते. नव्या जातीला नाव द्यायचं तर मूळ नमुना संग्रहात जपावाच लागतो, हे त्यांनीच आम्हाला शिकवलं होतं.

जाता जाता. त्याच अंकाच्या पुरवणीत गोड्या मसाल्याच्या कृतीत दगडफुलापुढे कंसात ‘असल्यास’ छापलंय. असल्यास? दगडफुलाशिवाय केलेल्याला काय म्हणायचं ते म्हणा, गोडा मसाला म्हणू नका. छायाचित्राबद्दल खुलासा छापणार असाल तर त्याच्याखाली एवढंही छापावं.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, सातारा