तुझं ते 'इथेनॉल म्हणजे फ्रॉड'

सोन्या,

रविवारी फोनवर "आई, इथेनॉल म्हणजे नुसता फ्रॉड आहे" म्हणालास आणि नेमकी रेंज गेली, म्हणून आता लिहूनच पाठवते, नीट वाच.

पेट्रोलमध्ये हे इथेनॉल, म्हणजे उसापासून नाहीतर धान्यापासून काढलेलं अल्कोहोल, मिसळलं की मायलेज कमी होतं हे खरंय. माझी स्कूटर ४५ द्यायची, आता ४२ वर आलीये. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी, मग २० टक्के मिसळल्यावर फरक पडणारच ना. मध्ये पेट्रोलचा रबरी पाइप पण बदलायला लागला, मेकॅनिक म्हणे इथेनॉलनेच गेला, असेल बाबा.

पण धुराचं बघ. इंदापूरला मामाचा आडसाली ऊस १६-१८ महिने शेतात उभा असतो, तेवढे दिवस हवेतलाच कार्बन ओढून घेतो आणि त्याचं इथेनॉल गाडीत जळलं की तोच परत हवेत जातो, पेट्रोलचा कार्बन मात्र कोट्यवधी वर्षं जमिनीत गाडलेला, तो आपण उकरून वर आणतो. शिवाय इथेनॉलमध्ये मुळातच ऑक्सिजन असतो, त्यामुळे जळण पुरतं होतं, कार्बन मोनॉक्साइड कमी निघतो. हडपसरच्या सिग्नलला तोंडाला ओढणी बांधून उभी असते ना रोज, तेव्हा हे काही पुस्तकातलं वाटत नाही मला. आणि कारखान्याचा बॉयलर पेटतो तो उसाच्या चिपाडावरच.

सगळं गोड आहे असं मी म्हणत नाहीये हं. युरिया, ट्रॅक्टरचं डिझेल हे धरायलाच हवं, आणि पाणी! नीती आयोगाच्याच रिपोर्टात आहे, उसापासूनच्या १ लिटर इथेनॉलला सुमारे २८६० लिटर पाणी लागतं. मामा रात्री दोनला लाइट आली की बॅटरी घेऊन मोटर चालू करायला पळतो, ते पाणी कुठल्या हिशोबात धरायचं? म्हणून मला विचारशील तर साखर काढून उरलेल्या मळीचं करा, खराब धान्याचं करा, थेट रसाचं नको.

तुला विमानाचं माहितीये का? मे २०२३ मध्ये आपल्या पुण्यातून दिल्लीला एक प्रवासी विमान गेलं, त्यात बावधनच्या प्राज कंपनीने इंडियन ऑइलसोबत देशातच बनवलेलं जैवइंधन मिसळलेलं होतं.

आपलं घरचं सांगायचं तर तळणीचं तेल आता सिंकमध्ये ओतत नाही, गाळून कॅनमध्ये साठवते, बायोडिझेलसाठी नेणारा माणूस सोसायटीत येतो. दिवाळीतच अर्धा कॅन भरला. चकल्या यंदा जरा काळ्याच झाल्या होत्या, तू नव्हतास म्हणून कोणी बोललं नाही.

आई