कानात तेल घालण्याआधी

प्रिय मित्रा,

काल रात्री अडीचला तुझा फोन आला तेव्हा पिल्लूचं कान दुखतो म्हणून रडणं आणि काकूंचं "लसणाचं तेल कोमट करते" दोन्ही एकदमच ऐकू आलं. मी झोपेत "तेल नको" एवढंच ओरडलो आणि फोन कट झाला. काकू रागावल्या असणार, म्हणून आता सविस्तर लिहितोय.

आमची चिऊ दीड वर्षाची होती. आठवडाभर सर्दी, मग एका मध्यरात्री किंचाळत उठली. आडवं केलं की जास्तच रडायची. आईने तेल घातलंच. पहाटे उशीवर पिवळा डाग. डॉक्टरांनी कानात उजेड टाकून पाहिलं तर पडदा फुटून पू बाहेर आला होता. तेलाने नव्हे, आतल्या दाबाने फुटला होता. पण फुटलेल्या पडद्यातून तेल थेट मधल्या कानात जातं, आणि पडदा शाबूत असेल तर दुखण्यापर्यंत पोचतच नाही. हे कळल्यावर आईने वाटी मुकाट्याने ठेवून दिली.

आंघोळीचं पाणी गेल्यानेही कानाचं हे दुखणं होत नाही. मुलांची नाकामागून कानात जाणारी नळी आखूड आणि आडवी असते. सर्दीत ती सुजते, आत पाणी तुंबतं, त्यात जंतू वाढतात.

रात्री पहिलं काम दुखणं थांबवायचं. पॅरासिटामॉल वजनाप्रमाणे द्यायचं: एका वेळी किलोमागे 15 मिलिग्रॅमपर्यंत, दोन डोसांत किमान चार तास, दिवसाला चारच डोस. बाटली नीट वाच, 5 मिलिलिटरला 120 मिलिग्रॅमवाली आणि 250 मिलिग्रॅमवाली दोन्ही मिळतात. मी एकदा गोंधळलोय.

अँटिबायोटिकसाठी डॉक्टरांच्या मागे लागू नकोस. पिल्लू तीन वर्षांचा आहे. ताप फार नसेल, कान वाहत नसेल तर ते दोन-तीन दिवस थांबायला सांगतील. पुष्कळदा आपोआप बरं होतं. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला मात्र लगेच देतात. आणि एकदा दिलं की दुसऱ्या दिवशी मूल खेळायला लागलं तरी डॉक्टरांनी सांगितलेले दिवस पूर्ण करायचे. कानामागे सूज आली, कान पुढे ढकलल्यासारखा दिसला किंवा पोरगं मलूल पडलं, तर सकाळची वाट बघू नकोस, थेट हॉस्पिटल गाठ.

दुखणं गेलं तरी पाणी आत राहतं, कधी तीन महिनेही. चिऊ हाकेला वळायची नाही, आम्ही तिला हट्टी म्हणायचो! नंतर कळलं की तिला धड ऐकूच येत नव्हतं. त्याची अजून लाज वाटते. तीन महिन्यांनंतरही तसंच असेल तर ऐकण्याची तपासणी करून घे.

आणि सिगारेट. गॅलरीत ओढतोस हे सांगू नकोस, धूर शर्टाला चिकटून घरात येतोच, आणि धुराच्या घरातल्या मुलांचे कान जास्त दुखतात. वहिनी हे बोलणार नाहीत, म्हणून मी बोलतोय.

रात्री झोपला का ते कळव. काकूंना म्हणावं तेल वाया घालवू नका, उद्याच्या भाकरीवर घ्या.

तुझाच,
चिऊचा बाबा