तक्रार: तिसऱ्या सीझनवर टाकून दिलेली मालिका, गायब सबटायटल आणि तुमचा ‘किड्स विभाग’

प्रति,
प्रमुख, ग्राहक तक्रार विभाग

मालिकेचं नाव लिहीत नाही. तुमच्या ॲपच्या पहिल्या पानावर अजून तिचंच पोस्टर आहे आणि त्यावर ‘पाच सीझन, एक महागाथा’ असं ठसठशीत लिहिलेलं आहे, तेव्हा ओळखायला त्रास पडू नये. वार्षिक वर्गणी त्या ओळीवर विकलीत. तिसऱ्या सीझननंतर मालिका बंद केलीत. पोस्टर मात्र जागच्या जागी.

हिशेब तुमच्याकडे असेलच, तरी मांडतो. मूळ कादंबरीचे खंड पाच. पहिल्याला १० भाग दिलेत, दुसऱ्याला ८. तिसऱ्या सीझनच्या ६ भागांत तिसरा आणि चौथा असे दोन खंड कोंबलेत. तेही तीन-तीनच्या दोन हप्त्यांत, मधे एवढी फट ठेवून की जुनी वर्गणी संपावी आणि नवी कापली जावी. सोलापुरात नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येतं, तेही आम्ही निभावून नेतो. पण शहरातल्या कुठल्या भागाला पाणी कधी सोडणार, ते निदान कळतं तरी.

मालिका लवकर संपली, ही तक्रार नाही. संपलेली नाही, ही आहे. लांबी किती असावी याचा एकच आकडा नसतो, पण शेवट कुठे आहे हे करणाऱ्याला आधी ठाऊक असावं लागतं. ‘लॉस्ट’ या अमेरिकन मालिकेची सांगता २०१० मध्ये होईल आणि आणखी ४८ भाग येतील, हे तिच्या वाहिनीने २००७ मध्येच जाहीर केलं होतं. त्या शेवटावर लोक आजही भांडतात, पण बघणाऱ्याला मुक्काम माहीत होता. ‘सुपरनॅचरल’ उलट बाजूला गेली: निर्मात्याचा आराखडा पाच सीझनचा, प्रत्यक्षात २०२० पर्यंत १५ सीझन आणि ३२७ भाग. आपल्या दूरदर्शनवरची ‘रामायण’सुद्धा ५२ भागांची ठरली होती, वाढत वाढत ७८ वर गेली. तिचं बिघडलं नाही, कारण शेवट साऱ्या देशाला तोंडपाठ होता. तुमच्या मालिकेचा शेवट फक्त पाचव्या खंडात आहे.

आणि ‘गेम ऑफ थ्रोन्स’ तर तुमच्या लेखकांनी वहीत उतरवून घ्यायला हवी होती. तिथे कादंबरीचा तिसरा खंड तिसऱ्या-चौथ्या सीझनवर पसरला, म्हणून ते सीझन भरदार. पहिले सहा सीझन प्रत्येकी १० भागांचे, सातवा ७, आठवा ६, एकूण ७३. भाग कमी केले की सगळ्यात आधी प्रवास कापला जातो. सुरुवातीला राजाच्या ताफ्याला उत्तरेत पोचायला महिना लागतो. सातव्या सीझनमध्ये एकाच भागात मदतीचा सांगावा घेऊन कावळा जातो, ड्रॅगन येतात, अडकलेल्यांची सुटकाही होते. त्यानंतर कापला जातो माणसाच्या मनातला बदल, आणि मग पात्र बदललं असं न वाटता त्याच्या अंगात आलं असं वाटतं. तुम्ही बरोबर हेच केलंत. दुसऱ्या सीझनमध्ये सैन्याला घाट चढायला तीन भाग लागतात, खेचरं मरतात, मीठ संपतं. तिसऱ्यात तोच घाट, तेच सैन्य, आणि अर्ध्या गाण्यात पलीकडे. सेनापती फितूर होतो तो संवाद तर चाळीस सेकंदांचाही नाही.

आता सबटायटल. मालिकेत वनवासी टोळीची एक बनवलेली भाषा आहे, ती कोणत्याच डबिंगमध्ये डब केलेली नाही, आणि ते बरोबरच आहे. पण अशा संवादांची सबटायटल वेगळ्या ट्रॅकवर असतात आणि सबटायटल बंद असली तरी ती आपोआप दिसायला हवीत. त्यासाठी तो ट्रॅक प्रत्येक ऑडिओ भाषेशी जोडावा लागतो. टीव्हीच्या ॲपमध्ये तुम्ही तो फक्त मूळ ऑडिओशी जोडलाय. करून बघा: टीव्हीवरचं ॲप, दुसरा सीझन, चौथा भाग, ऑडिओ तेलुगू, सबटायटल बंद. म्हातारी शाप देते ते सगळं दृश्य मुकं जातं, आणि पुढची सगळी गोष्ट त्या शापावर उभी आहे. हिंदीतही तेच. मोबाइलवर तेच दृश्य बरोबर दिसतं. म्हणजे फाइल ठीक आहे, खोट टीव्हीच्या ॲपमध्ये आहे. सबटायटल पूर्ण चालू केली तर सगळ्याच संवादांची येतात, आणि तीही इंग्रजी. आमच्या सोलापूरच्या पूर्व भागात घराघरांत तेलुगू बोलतात, तेलुगूतच मालिका बघतात. कॅशे पुसणं, ॲप काढून परत टाकणं, राउटर बंद-चालू करणं, सगळं झालेलं आहे. राउटरचा आणि शापाचा संबंध काय, हे विचारायचं राहिलं.

शेवटच्या फोनवर झालेलं बोलणं जसंच्या तसं देतो. तुमच्याकडे रेकॉर्डिंग असतंच, ताडून बघा.

“चौथा सीझन येणार आहे का?”
“सर, तिसऱ्याचा शेवटचा भाग पाहिलात का? तोच शेवट आहे.”
“त्यात राजकन्या तळघराचं दार उघडते आणि पडदा काळा होतो.”
“हो सर, ओपन एंडिंग आहे.”
“दारामागे काय आहे?”
“सर, ते प्रेक्षकांनी ठरवायचं.”
“पोस्टरवर पाच सीझन लिहिलंय.”
“सर, तुम्हाला भाग कमी वाटत असतील तर आपल्याकडे आठशे भागांची कौटुंबिक मालिका आहे. पूर्ण आहे.”

मी गप्प. त्याला वाटलं, पटलं.

“आणि सर, ड्रॅगनच आवडत असतील तर किड्स विभागात खूप कार्टून आहेत.”

त्यानंतर समाधानाबद्दल पाच तारे द्या म्हणून मेसेज. त्या पोराचा दोष नाही, त्याच्यासमोरच्या कागदावर हेच लिहिलं असणार. तो कागद ज्याने लिहिला त्याला हे पत्र वाचून दाखवा. किड्स विभाग! पाच खंड वाचलेल्या माणसाला!

मला पुढीलपैकी एक लेखी हवं. उरलेल्या कथेचा दोन तासांचा समारोप कधी येणार याची तारीख, नाहीतर या वर्षाची वर्गणी परत. पोस्टरवरची ओळ आजच काढा आणि बंद केलेल्या प्रत्येक मालिकेच्या पानावर ‘अपूर्ण’ असं स्वच्छ लिहा, म्हणजे पुढचा गिऱ्हाईक वर्गणी भरण्याआधी वाचेल. टीव्ही ॲपचा ट्रॅक जोडायला तर समारोपाची वाट बघायची गरज नाही.

वर्गणी आपोआप कापण्याच्या किमान २४ तास आधी बँकेने कळवायचं, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. तसा मेसेज तुम्हीही पाठवता, पण त्यातली ‘रद्द करा’ ही लिंक तुमच्या पहिल्या पानावर नेते, म्हणजे परत त्याच पोस्टरवर. म्हणून मँडेट, म्हणजे पैसे आपोआप कापायची परवानगी, बँकेतूनच बंद केलं आहे. उत्तर आलं नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करून सोलापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने जिथे राहतो तिथेच दावा लावता येतो, आणि पाच लाखांपर्यंत फी नाही. पोस्टरचा स्क्रीनशॉट तारखेसह ठेवला आहे.

फोन करणार असाल तर तिन्ही सीझन पाहिलेल्या माणसाला करायला सांगा.

एक वर्गणीदार (मुदत संपेपर्यंत)
जुळे सोलापूर