‘निसर्गाने निवडलेलं जनुक’ हे कशावरून?

मा. संपादक,

आपल्या विज्ञानाच्या पानावर ‘अमुक जनुक निसर्गाने निवडलं’, म्हणजे त्यातला बदल फायद्याचा ठरून पिढ्यान्‌पिढ्या पसरला, अशा बातम्या वरचेवर येतात. निष्कर्ष येतो, पण तो कोणत्या कसोटीवर काढला हे येत नाही. आयुष्यभर संख्याशास्त्र शिकवल्यामुळे मला ते फार खटकतं.

वर्गात मी दरवर्षी फळ्यावर चार आकडे लिहीत असे: २, ४२, ७, १७. मॅकडोनल्ड आणि क्रेटमन या जनुकशास्त्रज्ञांनी १९९१ साली फळमाश्यांच्या एका जनुकावरून काढलेले. डीएनएतले काही बदल प्रथिनातलं अमिनो आम्ल बदलतात, काहींनी प्रथिन तसंच राहतं. माश्यांच्या जातींच्या आत पहिल्या प्रकारचे फरक २ आणि दुसऱ्या प्रकारचे ४२ निघाले; जातीजातींमध्ये कायम झालेले फरक मात्र ७ आणि १७. निवड नसती तर प्रमाण दोन्हीकडे सारखं राहिलं असतं, म्हणजे सतराच्या जोडीला जेमतेम एक. आले सात! म्हणजे जास्तीचे बदल निवडीनेच पसरले असावेत. हे त्रैराशिक मुलं स्वतः करायची आणि उत्तर पाहून वर्ग एकदम गप्प व्हायचा.

सगळ्याच कसोट्या इतक्या सरळ नाहीत. ताजिमा यांची १९८९ची ‘डी’ कसोटी घ्या. डी हा डीएनएतल्या फरकांवरून काढलेला एक आकडा; समूहात विरळ, म्हणजे मोजक्याच जणांत सापडणारे फरक फार असले की तो ऋण येतो. नुकतीच जोरदार निवड झाली असेल तर असं होतं. लोकसंख्या झपाट्याने वाढली असेल तरीही होतं. एका विद्यार्थिनीच्या प्रबंधात ऋण डी पाहून मी ‘निवड’ हा निष्कर्ष मान्य करून टाकला होता. तिनेच मग निवड अजिबात नसलेली, फक्त वाढत जाणारी लोकसंख्या संगणकावर चालवून पाहिली. आकडे तसेच आले. ते प्रकरण आम्ही पुन्हा लिहिलं. लोकसंख्यावाढीचा ठसा साऱ्या जनुकसंचावर उमटतो, निवडीचा त्या जागेपुरता; म्हणून डी सगळीकडे ऋण आहे की त्याच एका जागी, हे आधी पाहायला हवं होतं.

फॉक्सपी२ या जनुकावर मानवात अलीकडे निवड झाल्याचं २००२ साली जाहीर झालं. ‘भाषेचं जनुक’ म्हणून ते गाजलं. २०१८ साली जगभरच्या कितीतरी जास्त माणसांचा डीएनए तपासला तेव्हा निवडीची ती खूण टिकली नाही. मूळ नमुना लहान होता आणि त्यात आफ्रिकी माणसं फार थोडी होती. माझ्या परिचितांना पहिली बातमी आठवते, दुसरी एकालाही नाही.

अशी बातमी पुढच्या वेळी छापाल तेव्हा दोन ओळी जास्त द्या: कसोटी कोणती, नमुना किती जणांचा नि कुठला, आणि लोकसंख्येचा इतिहास हिशेबात धरला होता का.

आपली,
संख्याशास्त्राची एक निवृत्त प्राध्यापिका