सान हुआनच्या मावशींना, जनरेटर बंद केल्याबद्दल

मावशी,

हे पत्र तुमच्या हाती पडणार नाही हे मला ठाऊक आहे. तुम्हाला मराठी येत नाही, आणि माझं स्पॅनिश आकडे, नमस्कार आणि ताटातले पदार्थ यांच्यापुढे कधी सरकलं नाही. तुमचं नावही मी विचारलं नव्हतं. खानावळीत सगळे तुम्हाला 'दोन्या', म्हणजे बाईसाहेब, म्हणून हाक मारत होते, म्हणून मीही चाचरत तेच म्हटलं. मनात मात्र तेव्हापासून मावशीच म्हणत आलोय. आभार मानायचे राहून गेलेत आणि आता न मानता राहवत नाही, म्हणून चारचौघांत लिहितोय. आमच्या श्रीवर्धनच्या पट्ट्यात वाडीगणिक एखादा तरी मुलगा बोटीवर कामाला असतो. त्यांच्यापैकी कोणाची बोट प्वेर्तो रिकोला, अमेरिकेच्या ताब्यातल्या त्या कॅरिबियन बेटावर, सान हुआनला लागली, तर हे वाचून तो जुन्या गावातल्या चढावर तुम्हाला शोधेल, एवढी आशा मात्र आहे.

मी तेव्हा एका क्रूझ बोटीच्या गॅलीत, म्हणजे स्वयंपाकघरात, होतो. 2017 चा डिसेंबर. तुमच्या बेटावर मारिया चक्रीवादळ येऊन तीन महिने होत आले होते. तुमच्याकडे 'मारियाच्या आधी' आणि 'मारियानंतर' असेच दिवस मोजतात हे मी तिथेच ऐकलं. त्या सप्टेंबरात आधी इर्मा वादळ चाटून गेलं, तेवढ्यानेच दहा लाखांच्या आसपास लोक अंधारात गेले. ती वीज पुरती परत येते न येते तोच 20 तारखेला याबुकोआजवळ मारिया किनाऱ्याला लागलं. ताशी 250 किलोमीटरचा वारा, आणि अख्ख्या बेटाची, म्हणजे 30 लाखांहून जास्त माणसांची, वीज एका दिवसात गेली. आम्ही बोटीवर वादळाच्या बातम्या बघतो त्या बहुधा 'आता कुठल्या बंदराऐवजी कुठे जायचं' एवढ्यापुरत्याच. गेस्ट कुरकुरतात, कप्तान माफी मागतो, बोट दुसऱ्या बेटाला लागते. त्या बेटावरच्या माणसांना दुसरीकडे लागता येत नाही, हे लक्षात येत नाही.

आमची बोट पुन्हा तुमच्याकडे यायला लागली तेव्हा धक्क्यावर गेस्टांच्या स्वागताला वाजवणारे उभे असायचे. धक्क्यासमोरची दुकानं उघडी, दिवे लागलेले, गल्ल्यांतले ते निळसर दगड धुऊन काढल्यासारखे. गाड्यांच्या काचांवर 'प्वेर्तो रिको से लेवांता' लिहिलेलं, बेट उठून उभं राहतंय म्हणून. गेस्ट मोर्रोचा किल्ला बघून, फोटो काढून, खूश होऊन परत यायचे. पण दोन वळणं आत गेलं की जनरेटरची धडधड आणि डिझेलचा वास. शेंडे उडालेले माड, छपरांवर निळी ताडपत्री, बंद पडलेले सिग्नल. रात्री बोट सुटताना डेकवरून बघितलं तर शहराचा एक तुकडा उजळलेला आणि त्याच्या मागे नुसता काळोख. वीज आलेल्या भागातही ती कधी टिकायची, कधी मध्येच जायची. मी गेलो त्या दिवशी तुमच्या गल्लीत ती गेलेलीच होती.

आता माझं सांगतो, कारण त्या दिवशी मला ते तुम्हाला धड सांगता आलंच नाही. तुम्ही विचारलंतही नाही.

माझ्या वडिलांना, आम्ही त्यांना आप्पा म्हणायचो, अर्धांगवायूचा झटका आला होता. घरच्यांनी मुंबईतल्या ज्या ऑफिसने मला बोटीवर चढवलं होतं तिथे फोन केला. मग पुन्हा केला. 'मेल टाकलाय.' 'साहेब मीटिंगमध्ये आहेत.' 'बोट समुद्रात आहे, काय करणार?' जणू बोट एरवी शेतात असते. माझ्याकडून भरतीच्या वेळी पैसे घ्यायचे होते तेव्हा याच साहेबांचा फोन रात्री दहालाही लागायचा. निरोप माझ्यापर्यंत आलाच नाही. सान हुआनच्या धक्क्यावर मोबाइलला जरा रेंज आली तेव्हा, दुसऱ्या बोटीवर असलेल्या आमच्याच गावच्या एका मुलाचा मेसेज पडला: 'निघालास का?' मी त्याला उलट लिहिलं, कुठे? मग सगळं कळलं.

बोटीवरचा सॅटेलाइट फोन कार्ड संपेपर्यंत लावला. घर्र घर्र, मग काहीच नाही. धक्क्याजवळ क्रूची माणसं जिथे वायफायसाठी भिंतीला टेकून बसायची तिथलं वायफाय मेलेलं. दोन तासांची सुटी होती. मोबाइल हातात धरून, रेंज बघत, मी चढाच्या गल्लीत शिरलो. एक कांडी यायची, जायची. तुमच्या दारापाशी ती आली, पण माझ्या कार्डावर भारतात फोन लागेना. मी किती वेळ तिथे उभा होतो कोण जाणे. तुम्ही काउंटरमागून बघत असणार. बाहेर आलात, एप्रनला हात पुसलेत, माझ्या हातातला नंबर लिहिलेला कागद घेतलात, दोरीने गळ्यात अडकवलेला चष्मा नाकावर चढवलात आणि स्वतःच्या फोनवर एकेक आकडा स्पॅनिशमधून मोठ्याने म्हणत दाबलात. देशाचा कोड कुठला, बिल किती येईल, काही नाही. फोन लागल्यावर माझ्या हातात दिलात.

एवढ्यावरच हे पत्र लिहायला हरकत नव्हती. अनोळखी माणसाला हातातला फोन देणं हे काही लहान नाही, तेही अशा दिवसांत. पण मला सांगायचंय ते पुढचं.

रेंज तुमच्या उंबऱ्याच्या डाव्या कोपऱ्यात तेवढी होती, आणि जनरेटरही तिथेच, दोन हातांवर, खिडकीच्या गजाला साखळीने बांधलेला. आईचा आवाज आला. आमच्याकडे रात्र झाली होती, ती इस्पितळात होती. रडली नाही. म्हणाली, थांब, त्यांना देते. मग काहीच ऐकू येईना. आप्पांची जीभ जड झाली होती, ते बोलत होते की नुसते श्वास घेत होते तेही कळेना. मी एका कानात बोट घालून ओरडत होतो, आप्पा, काय? आप्पा, मोठ्याने बोला!

तुम्ही बघितलंत. माझ्याकडे, मग जनरेटरकडे. खाली वाकलात आणि तो बंद केलात.

पंखा थांबला. मिक्सर थांबला. आतला दिवा गेला. भर जेवणाची वेळ, खानावळ भरलेली. एका टेबलावर अमेरिकेतून तारा ओढायला आलेले लाइनमन बसले होते, हेल्मेटं खुर्चीखाली ठेवून. अख्ख्या शहराची वीज जोडायला आलेली माणसं, आणि तुम्ही त्यांच्याच ताटावरचा दिवा घालवलात. एक म्हातारा काहीतरी बोलायला लागला, तर तुम्ही त्याच्याकडे नुसतं बघितलंत. तो गप्प झाला. मग तुम्ही जाऊन फ्रीजच्या दाराला पाठ लावून उभ्या राहिलात, कोणी चुकून उघडू नये म्हणून. ते मी बोलता बोलता बघत होतो. त्या फ्रीजमध्ये तुमचं काय काय असेल, त्या दिवसांत बर्फ मिळवायला लोक किती रांगा लावत होते, याची मला तेव्हा अर्धीमुर्धीच कल्पना होती.

त्या शांततेत आप्पा म्हणाले, "शिंपणं कोण करतंय?"

आमची सुपारीची वाडी आहे. पाऊस सरला की पोफळींना पाणी द्यावं लागतं, आणि त्यात खंड पडलेला आप्पांना चालत नसे. मी म्हटलं, मी येतोय, मी करतो. ते म्हणाले, "मग ये." शब्द अडखळत होते, पण सुटा सुटा ऐकू आला प्रत्येक.

आमचं तेवढंच बोलणं झालं. पुढे कधीच झालं नाही. बोटीवरून उतरवण्याचे कागद त्या ऑफिसात कुठल्या टेबलावर किती झोपले त्याची कथा इथे नको, तोंड कडू होतं. मी घरी पोचलो तेव्हा तेरावं उरकलं होतं. ऑफिसातून सांगण्यात आलं की सगळं नियमाप्रमाणे झालं. त्यांचा दिवाळीच्या शुभेच्छांचा मेसेज मात्र दरवर्षी वेळेवर येतो.

म्हणून म्हणतो मावशी, माझ्या वडिलांचे शेवटचे दोन शब्द माझ्याकडे आहेत ते तुमच्यामुळे. जनरेटर चालू राहिला असता तरी तुम्ही भल्याच ठरला असतात, फोन दिला होतात. पण मला नुसती घरघर ऐकू आली असती.

फोन ठेवल्यावर जनरेटर पहिल्या झटक्याला सुरू होईना, मग त्या लाइनमनपैकीच एकाने उठून दोरी ओढली. तुम्ही मला बसवलंत. भात, घेवड्याची उसळ, कच्ची केळी चेचून तळलेले काप. आमच्याकडेही केळ्याचे काप करतात, चेचत नाहीत. पैसे द्यायला गेलो तर फोनचे बाजूला सारलेत, आणि ताटाचे मात्र पाटीवर लिहिलेल्या दराने घेऊन सुट्टी नाणी मोजून परत दिलीत. ते मला फार लागलं, चांगल्या अर्थाने. फुकट जेवू घातलं असतंत तर मी बिचारा झालो असतो. तुम्ही मला गिऱ्हाईकच राहू दिलंत.

नंतर तुमच्या बेटाबद्दल मिळेल ते वाचत गेलो. सरकारी हिशेबात मारियाने 64 माणसं गेली होती, कितीतरी महिने 64च. जून 2018 मध्ये लोकांनी सान हुआनच्या विधानभवनासमोर गेलेल्यांच्या चपला-बूट आणून ठेवले, जोडावर जोड. त्या ऑगस्टमध्ये, एका विद्यापीठाने अभ्यास केल्यावर, सरकारने आकडा 2,975 केला. म्हणजे वाऱ्यात मेले थोडे. बाकीचे मागून गेले. वीज नाही, रस्ता नाही, दवाखान्यात औषध नाही, ऑक्सिजनचं यंत्र चालत नाही. वादळानंतर दोन आठवड्यांनी अमेरिकेचे अध्यक्ष आले आणि जमलेल्या लोकांत कागदी रुमालांची बंडलं फेकून गेले, तेही वाचलं, चित्रफीतही बघितली. त्याच वेळी होसे आंद्रेस नावाचा शेफ आपली माणसं घेऊन तिथल्या स्टेडियममध्ये भात शिजवत होता, 30 लाखांहून जास्त जेवणं गेली म्हणतात त्यांच्या चुलींवरून. मी स्वतः गॅलीतला माणूस. एवढ्या ताटांचा अर्थ मला हातांना कळतो. ज्यांच्याकडे अधिकार असतो ते नियम बघतात, आणि ज्यांच्याकडे डाव असतो ते वाढायला लागतात. हे मी दोन्हीकडच्या किनाऱ्यांवर बघितलं.

कारण 3 जून 2020 ला आमच्याकडे निसर्ग वादळ आलं. तुमच्या मारियापुढे ते लहान, पण आमच्या वाड्या झोपवायला तेवढं पुरलं. बोटी बंद असल्याने मी घरीच होतो. ज्यांच्या शिंपण्याची आप्पांना काळजी होती त्या पोफळी दुपारच्या दोन-तीन तासांत आडव्या झाल्या. वीज गेली ती गेलीच. गावात एकाने जनरेटर आणला आणि मोबाइल चार्ज करायचे पैसे लावले. त्याला मी नावं ठेवणार नाही, डिझेल फुकट येत नाही. लांबून कॅनमधून आणावं लागत होतं. पण त्या रांगेत उभं राहिल्यावर मला पहिल्यांदा नीट उमगलं की भर गिऱ्हाइकीत तुम्ही काय बंद केलं होतंत. गरम हवेत, भरल्या खानावळीत, पुन्हा सुरू होईल की नाही याची खात्री नसलेलं यंत्र, एका परक्या पोराला बापाचा आवाज ऐकू यावा म्हणून.

वाडीत आता नवी रोपं लावली आहेत. सुपारी धरायला अजून वेळ आहे. शिंपणं मी करतो, मी बोटीवर असलो की धाकटा भाऊ करतो.

आईला मी सगळं सांगितलंय, तुमचा चष्मा, ती साखळी, म्हाताऱ्याला गप्प केलंत तेही. तिचं एकच म्हणणं आहे, आणि ते ती दर वेळी विचारते: त्या बाईंच्या फ्रीजमधलं काही नासलं तर नाही ना? मी ठोकून देतो, नाही नासलं. खरं काय ते तुम्हालाच माहीत. कोणी आमचा मुलगा हे वाचून तुमच्याकडे जेवायला आलाच, तर त्याच्याकडे निरोप द्या. आणि त्याच्याकडून ताटाचे पैसे पूर्ण घ्या.

तुमचा,
श्रीवर्धनकडचा एक बोटीवाला