माणसे दोन, पातेली सात: चुकीचा डिशवॉशर सुचवून विकल्याबद्दल तक्रार

पुणे
दि. १४ जून २०२५

प्रति,
प्रमुख अधिकारी,
ग्राहक तक्रार निवारण विभाग

विषय: घराची गरज लक्षात न घेता आठ सेटिंगचा टेबलटॉप डिशवॉशर विकल्याबाबत व तो बदलून मिळण्याबाबत.

महोदय,

यंदाच्या गुढीपाडव्याला, ३० मार्चला, आम्ही तुमच्या शोरूममधून आठ सेटिंगचा टेबलटॉप डिशवॉशर २७,९९० रुपयांना घेतला. घरात मी आणि माझे यजमान, दोघेच. माझ्या उजव्या मनगटाचे ऑपरेशन झाले आहे आणि जड भांडी घासायला डॉक्टरांची सक्त मनाई आहे, म्हणून ही खरेदी.

शोरूममध्ये मी आधी बारा सेटिंगचे मोठे मशीन पाहत होते. आमच्या ड्राय बाल्कनीत सव्वादोन फूट रुंद मोकळी जागा आहे, तिथेच नळ आणि सांडपाण्याची मोरी आहे, हेही मी तुमच्या प्रतिनिधीला सांगितले. त्यावर तो म्हणाला, "काकू, दोघांनाच लागतंय ना? मग आठ सेटिंग भरपूर झालं. मोठं घेतलंत तर पाणी आणि वीज उगाच वाया." पाण्याचे नाव काढले की पुण्यातला माणूस विरघळतो. मीही ऐकले.

मशीन बसल्यावर पुस्तिका वाचली तेव्हा सेटिंग म्हणजे काय ते कळले. युरोपातल्या जेवणाच्या टेबलावर एका माणसापुढे जे मांडतात तो संच: मोठी प्लेट, सूपची प्लेट, लहान प्लेट, कप-बशी, ग्लास, सुरी, काटा, चमचे. हा हिशेब आमच्या ओट्यावर लागू होतो का, हे विकण्याआधी तुमच्यापैकी कोणीतरी पाहायला हवे होते.

एप्रिलमधल्या एका साध्या दिवशी मी सिंकमधली भांडी मोजून लिहून ठेवली. दोन्ही वेळची मिळून ताटे ४, वाट्या ८, पेले ६ आणि चमचे. एवढ्याने मशीन अर्धेही भरत नाही. मग चहाचे पातेले, दुधाचे पातेले, आमटीचे पातेले, कुकरमधली वरण-भाताची दोन भांडी, भाजीची कढई, कणकेची परात, फोडणीचे कढले, डाव, झारा. माणसे दोन असली म्हणून आमटीला पातेले लागायचे थांबत नाही. आम्ही चौघे असतो तरी जवळपास हीच भांडी पडली असती, ताटे-वाट्या तेवढ्या वाढल्या असत्या. म्हणजे मशीनचा आकार आमच्या घरात माणसांवर ठरत नाही, तो पातेल्यांवर ठरतो. आणि नेमकी पातेलीच तुमच्या टेबलटॉपमध्ये मावत नाहीत. परात आत जातच नाही. बारा इंची ताट उभे केले की वर टेकते. तिरके ठेवले तर शेजारच्या चार वाट्यांची जागा जाते. कढई पालथी घातली की खालून येणारे पाणी तिच्यावरच अडते आणि मागची भांडी खरकटी राहतात.

परिणाम असा की मला मशीन दिवसातून दोनदा लावावे लागते, पुरणपोळीचा घाट घातला तर तीनदा. तुमच्याच माहितीपत्रकात या मशीनला एका धुण्यासाठी ८ लिटर आणि बारा सेटिंगच्या मशीनला १० लिटर पाणी छापले आहे. आमचे रोजचे १६ लिटर होतात. मोठे मशीन रात्री एकदा लावले असते तर १० लिटरमध्ये काम झाले असते. पाणी वाचेल असे सांगून मला जास्त पाणी खाणारा पर्याय दिला गेला. एवढे करून परात आणि कढई मी आजही हातानेच घासते, त्याच मनगटाने.

आता जोडणीबद्दल. तुमच्या तंत्रज्ञाने पाण्यात टीडीएस मीटर बुडवला, आकडा पाहिला आणि सॉफ्टनर, म्हणजे मशीनमधला पाण्याचा जडपणा घालवणारा भाग, सर्वांत खालच्या पायरीवर ठेवून दिला. त्याला लागणाऱ्या मिठाचा कप्पा रिकामाच ठेवला. "भांडी धुवायच्या गोळीत सगळं असतं," म्हणाला. मी तीस वर्षे शाळेत विज्ञान शिकवले आहे. टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेले सगळेच पदार्थ. भांड्यांवर पांढरा थर येतो तो मुख्यतः त्यातल्या कॅल्शियम आणि मॅग्नेशियममुळे. सॉफ्टनरला या दोघांचेच प्रमाण, म्हणजे पाण्याचा जडपणा, सांगावा लागतो. उन्हाळ्यात आमच्या सोसायटीत टँकर येतात, पाणी बोअरचे असते. तीन आठवड्यांत काचेचे पेले दुधी झाले. हेल्पलाइनवर उत्तर मिळाले, "पाणी तुमचं खराब आहे." शेवटी मी फिशटँकच्या दुकानातून जडपणा मोजायची पट्टी आणली, सॉफ्टनरची पायरी स्वतः वाढवली, डिशवॉशरचे जाड मीठ भरले. पेले पुन्हा लख्ख निघू लागले. म्हणजे पाण्यावर उपाय मशीनमध्येच होता, फक्त तो करायचे तुमच्या माणसाने टाळले.

अ‍ॅल्युमिनियमचा कुकर मशीनमध्ये काळा पडतो हेही डेमोच्या वेळी कोणी सांगितले नाही. पुस्तिकेत ते आहे, इंग्रजीत. माझ्या आईने दिलेला कुकर पहिल्याच आठवड्यात काळाठिक्कर झाला. त्याची भरपाई मी मागत नाही, पण पुस्तिका मराठीत हवी अशी माझी आग्रहाची मागणी आहे.

मशीन बिघडलेले नाही, हे मी स्वतःहून लिहीत आहे. "वापरलेले मशीन बदलून मिळत नाही" हे उत्तर मला फोनवर दोनदा आणि ईमेलवर एकदा मिळाले आहे. माझी तक्रार सल्ल्याबद्दल आहे. तुमच्या माणसाने गरज ऐकून घेतली, जागा ऐकून घेतली आणि तरीही चुकीची वस्तू योग्य म्हणून विकली. हे मशीन परत घेऊन बारा सेटिंगचे द्यावे. फरकाची रक्कम मी भरेन. अडीच महिन्यांच्या वापराबद्दल वाजवी रक्कम कापली तरी हरकत नाही. नवे मशीन बसवताना जडपणा पट्टीने मोजावा आणि मीठ भरूनच तंत्रज्ञाने निघावे. शिवाय शोरूममधल्या मुलांना एवढे शिकवा की घरात किती माणसे हे विचारण्याआधी सर्वांत मोठे पातेले कोणते, परात केवढी आणि पाणी कुठले, हे विचारायचे.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर द्यावे. न आल्यास मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवेन आणि ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार पुण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन.

कळावे.

आपली,
(सही)

सोबत: बिलाची प्रत, माहितीपत्रकाचे पान, ईमेलची प्रत, पेल्यांचे आणि कुकरचे फोटो.